नदीत न आलेलं मीठ

मिठोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, आणि तोंडावर ते म्हणायची कुणाची छातीही नव्हती. पंपघराच्या फाटकाबाहेर मात्र सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. माणूस असा, की कुणी सरळ नमस्कार केला तरी हा विचारणार, "काम काय आहे ते बोला." चहा पुढे केला तर गार झालाय म्हणणार, गरम दिला तर जीभ भाजली म्हणणार. त्याच्या हाताखाली येऊन बदली न मागितलेला एकच फिटर होता, आणि तो टिकला याचं कारण त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं. मिठोबाने आवाज चढवला की फिटर तो कान पुढे करायचा.

अशा या माणसाच्या हाती नदी होती. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. पंपघर होतं त्या काठाखाली, जमिनीच्या पोटात, खारं पाणी भरलेलं होतं. ते हळूहळू झिरपत नदीत उतरायचं, आणि खालच्या अंगाला नदीचं पाणी पिणारी गावं आणि त्यावर वाढणारे मळे ते मीठ निमूट गिळायचे. म्हणून सरकारने काठाकाठाने ओळीत खोल विहिरी पाडल्या, त्यांवर पंप बसवले, आणि खारं पाणी नदीपर्यंत पोचायच्या आतच उपसून टेकाडापलीकडच्या एका उथळ तळ्यात नेऊन ओतायची सोय केली. तळ्यावर ऊन पडायचं, पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. काम एवढंच. पण काम असं विचित्र, की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. पूल बांधणारा पूल दाखवतो, विहीर खणणारा विहीर दाखवतो. मिठोबाने काय दाखवायचं, नदीत न आलेलं मीठ?

तो तेच दाखवत बसायचा. यंदा नदी बरी आहे, असं कुणी सहज म्हणालं तरी हा लगेच विचारायचा, "कुणामुळे?" समोरचा गोंधळला की चिडायचा, आणि "तुमच्यामुळे" म्हणाला की थट्टा करतोय समजून जास्त चिडायचा. वरच्या साहेबांशी त्याचं पटलं नाही, शेजाऱ्यांशी नाही, वीज कंपनीच्या माणसाशी तर हमरीतुमरीच. पंपांनासुद्धा तो शिव्या घालायचा, पण त्या शिव्यांत माया असे, हे फिटरच्या चांगल्या कानाला कळायचं.

पंपघराला लागून क्वार्टर होतं आणि ते नेमकं तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर होतं. भिंतींना पांढरे पापुद्रे सुटायचे. खिडकीच्या बिजागऱ्या गंजून एकेक गळून पडल्या, मग खिडकी दोरीने बांधून ठेवायची वेळ आली. त्याची बायको लांबून पोत्यात माती आणायची, कुंड्यांत काहीबाही लावायची. वारा फिरला की दोन दिवसांत पानांच्या कडा करपायच्या. ती पुन्हा लावायची. बदली मागा, म्हणून तिने कितीदा विनवलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं, "आणि पंप कोण बघणार, तुझा भाऊ?" शेवटी ती त्याच घरात आजारी पडली आणि त्याच घरात गेली. माणसं जमली होती, तेव्हा त्याची एकुलती लेक सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई गेली तेव्हा तिच्या खिडकीबाहेर एक हिरवं पान नव्हतं." त्यावर गप्प बसावं की नाही माणसाने? हा म्हणाला, "खाली नदीकाठी सगळे मळे हिरवे आहेत, ते कुणामुळे?" बायकोच्या मयताच्या दिवशी. लेकीने त्यानंतर त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि तिचं काही चुकलं असं कुणी म्हणू नये.

लेक खालच्या अंगाला, बंधाऱ्याजवळच्या गावात नांदत होती. तिथे तिने रोपवाटिका काढली. फळझाडांची कलमं करायची, जोपासायची आणि हंगामाच्या तोंडावर मळेवाल्यांना विकायची. पाणी अर्थात नदीचं. बापलेकीचं बोलणं फोनवर, तेही क्वचित, आणि त्यातलं निम्मं भांडण.

"तुझी कलमं कुणाच्या जिवावर उभी आहेत, माहीत आहे का तुला?"

"वरच्या धरणाच्या. तिथून पाणी जास्त सुटलं की नदी गोड, कमी सुटलं की खारट. इथे शेंबड्या पोरालाही कळतं हे. तुम्ही मध्येच कोण, बाबा?"

यावर तो फोन आपटायचा. पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. लेकीला पंपांचा राग आहे, आईपायी आहे, हे तो समजू शकत होता. पंप फुकटचे आहेत, त्यांच्यापायी आईचा जन्म करपला आणि निष्पन्न शून्य, असं जे ती न बोलता बोलायची, ते मात्र त्याला सहन व्हायचं नाही. आयुष्यात एकदा, एकदाच, तिने कबूल करावं की बाप खरं सांगत होता, एवढं त्याला हवं होतं. बाकी जगाने काय म्हणायचं ते म्हणावं.

आणि तेवढ्यात मूल्यमापनाच्या मॅडम आल्या. नदीखोऱ्यातला खारटपणा कमी करायला आजवर जे जे उपाय केले, त्यांतला कोणता लागू पडला हे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. बाई शांत, आवाज खालचा, आणि मिठोबाच्या ओरडण्याला न घाबरणाऱ्या. हे शेवटचं त्याला अजिबात आवडलं नाही.

"नदीचा खारटपणा कमी झालाय हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण का झालाय ते कुणालाच माहीत नाही. धरणातून आता पाणी जास्त सुटतं. वरचे शेतकरीही पूर्वीसारखं शेत तुडुंब भरत नाहीत, त्यामुळे खाली मुरून मीठ नदीकडे ढकलणारं पाणीही कमी झालं. आणि तुमचे पंप आहेत. तिघांपैकी कुणाचं किती, ते बघायचंय."

"बघायचं काय त्यात? मी सांगतो की."

"तुम्ही सांगाल हो. धरणवालेही सांगतात, शेतकरीही सांगतात. सगळ्यांच्या सांगण्याची बेरीज केली तर नदीत होतं त्याच्या दुप्पट मीठ कमी झालंय."

फिटर हसला. मिठोबाने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने कान बदलला.

मॅडमचा बेत सरळ होता. नदीला पाणी कमी असतं अशा दिवसांत धरणाचं पाणी एकाच मापाने सोडायचं, आणि पंप दोन महिने बंद ठेवायचे. बंधाऱ्याजवळच्या मीटरवर खारटपणा वाढला, तर पंप कामाचे. नाही वाढला, तर पंपघराला कुलूप. खालच्या गावांनी आधी खूप आरडाओरडा केला होता. मर्यादेबाहेर आकडा गेला तर त्याच क्षणी पंप सुरू करू, असं लिहून दिल्यावर कुठे परवानगी मिळाली होती, आणि तीही एकदाच.

"म्हणजे माणसाचं औषध बंद करायचं आणि मरतो का ते बघायचं," मिठोबा म्हणाला.

"किंवा कळेल, की तो आजारी नव्हताच."

त्या दिवशी पंप बंद करायला त्याने फिटरला हात लावू दिला नाही. एकेक स्टार्टर स्वतः खाली ओढला, प्रत्येकासमोर मॅडमकडे असं बघून, की जणू बाईंनी त्याचं घोडं मारलंय. बाई खुर्चीवर बसून आपलं काम करत राहिल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. बंधाऱ्यावरच्या मीटरचा आकडा पंपघरातल्या एका लहानशा पाटीवर उमटायचा. मिठोबा सकाळी उठून तोंड न धुता पाटीसमोर उभा राहायचा. आकडा जागचा हलत नव्हता. आठवडा गेला, आणखी एक गेला. कालचा आणि आजचा यांत फरक असलाच तर उलट्या बाजूचा.

"काका," फिटर एकदा म्हणाला, "नदीला कुणी सांगितलं नाही वाटतं, आपण बंद केलंय ते."

मिठोबाने हातातला पाना भिंतीवर फेकला. भिंतीचा पापुद्रा तेवढा पडला.

तो मॅडमशी भांडून बघून झाला होता. जमिनीतलं पाणी दमाने येतं, त्याला तुमच्या घाईशी काय देणंघेणं, असं त्याने दहादा ऐकवलं. त्यासाठीच दोन महिने घेतलेत, असं त्यांनी दहादा सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यात एक दिवस लेकीचा फोन आला. काहीतरी कागदाचं काम होतं. जाता जाता ती म्हणाली, "पंप बंद आहेत म्हणे. इथे तर काही फरक नाही." तिने टोमणा मारला नव्हता. नुसतं सांगितलं होतं, आणि ते त्याला टोमण्याहून वाईट लागलं.

तळं बांधलं तेव्हा दुरुस्तीसाठी ते रिकामं करता यावं म्हणून एक पाइप टेकाडाच्या पोटातून नदीकडे काढून ठेवला होता. त्याचा व्हॉल्व्ह लोखंडी झाकणाखाली एका खड्ड्यात होता आणि किल्ली मिठोबाकडे. तो व्हॉल्व्ह कुणाच्या लक्षात असायचं कारणच नव्हतं. भर दुपारी, मॅडम बंधाऱ्यावर गेलेल्या आणि फिटर जेवून आडवा झालेला, तेव्हा मिठोबा डोक्यावर टॉवेल टाकून तळ्याकडे निघाला.

वाटेत त्याने स्वतःशी सगळा वाद घातला आणि जिंकला. आपण काही लबाडी करत नाही. जमिनीतलं खारं पाणी नदीकडे निघालेलंच आहे, ते पोचायला वेळ लागतोय इतकंच. आपण फक्त घाईवाल्या बाईंच्या वेळेत ते पोचवतोय. आणि जास्तीचा एक थेंब सोडायचा नाही. पंप रोज जेवढं पाणी उपसतात, बरोबर तेवढंच सोडायचं, कारण पंप नसते तर तेवढंच नदीत गेलं असतं. पाइपातून किती वेळात किती पाणी जातं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने व्हॉल्व्ह उघडला, हिशेबाने थांबला आणि हिशेबाने बंद केला. चोरी करतानाही त्याने मापात पाप केलं नाही, याचं त्याला फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला.

पाटीवरचा आकडा हलला. आधी जरा, मग चांगलाच. मिठोबा पाटीसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर जे उमटलं ते फिटरने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने आपणहून फिटरला चहा दिला. फिटर घाबरला, कारण त्याला वाटलं आपली नोकरी गेली.

मग आकडा मर्यादा ओलांडून पार पुढे गेला. मॅडमचा फोन आला, पंप सुरू करा, लगेच. मिठोबाने सुरू केले, आणि व्हॉल्व्हकडे अर्थातच पुन्हा फिरकला नाही. दोन-चार दिवसांत आकडा उतरून जागेवर आला. पंप बंद, मीठ वर. पंप चालू, मीठ खाली. याहून स्वच्छ पुरावा ब्रह्मदेवालाही देता आला नसता.

लेक आली ती त्याच आठवड्यात. मिठोबा आणि मॅडम पंपघरात बसले होते. ती दारातून सरळ आत आली, बापाकडे न बघता मॅडमच्या टेबलाजवळ गेली आणि हातातला क्रेट त्यांच्या कागदांवर ठेवला. क्रेटमध्ये कलमं होती. काड्या तपकिरी पडलेल्या, पानं कडेपासून आत जळत गेलेली.

"ही नमुन्यापुरती आणली आहेत," ती म्हणाली. "बाकीची तिथेच आहेत, ओळीने. एक वाचलं नाही. पाणी रोजच्यासारखं दिलं मी, माझ्या हाताने. मला काय माहीत त्यात काय आलंय? या हंगामाचं सगळं गेलं. गिऱ्हाइकांना मी काय सांगू?"

मॅडमनी एक काडी उचलून बघितली. "मर्यादा ओलांडली त्या दिवशीच मी पंप सुरू करायला लावले. इतकं वाढेल असं कुठल्याच हिशेबात नव्हतं."

"तुमच्या हिशेबात नव्हतं. यांच्या होतं." तिने बापाकडे बोट केलं, पण नजर मॅडमवरच ठेवली. "हा माणूस मी लहान असल्यापासून ओरडतोय, की हे पंप थांबले तर खाली काही जगणार नाही. तुम्ही ऐकलं नाही. तुमचं सोडा, मी ऐकलं नाही. मी त्यांची पोटची पोर. मला वाटायचं माझी आई फुकट गेली." मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही खरं सांगत होता. मी वाटेल ते बोलले तुम्हाला. मला माफ करा."

मिठोबाने जन्मभर ज्या वाक्याची वाट बघितली होती, ते हेच. त्याने फक्त मान हलवायची होती. मॅडम सांगू लागल्या होत्या, की अहवालात हे स्पष्ट लिहिलं जाईल, पंप राहतील, नुकसानीचं काय करता येईल ते त्या बघतील. सगळं त्याच्या पदरात पडत होतं. पण लेक रडत होती आणि तिने त्याच्या दंडाला हात लावला होता. आई गेल्यापासून पहिल्यांदा. तो हात त्याला सोसेना. शिव्या सोसायची त्याला सवय होती, भांडण तर तो जेवणासारखं रोज करायचा. ही माफी मात्र अंगाची आग करत होती.

"पुरे," तो खेकसला. "रडणं बंद कर. मी सोडलं ते."

"काय?"

"तळ्यातलं पाणी. तळ्याचा व्हॉल्व्ह उघडून मी सोडलं नदीत. आकडा हलत नव्हता म्हणून. आणि माझ्याकडे असं बघू नका, मी मापाने सोडलंय. रोज उपसतो तेवढंच. वर थेंब नाही."

मॅडमनी हातातली काडी क्रेटमध्ये परत ठेवली. मग मॅडमनी विचारलं, "पाणी तेवढंच?"

"तेवढंच."

"आणि मीठ?"

मिठोबा बोटांवर हिशेब करू लागला आणि पहिल्याच बोटाशी थांबला. तळ्यातलं पाणी वर्षानुवर्षं ऊन खात पडलेलं होतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून तोच तर सांगायचा. विहिरीतल्या एका बादलीत जेवढं मीठ, त्याच्या कितीतरी पट तळ्याच्या एका बादलीत. पण त्याचा हात आयुष्यभर पाणी मोजत आला होता. व्हॉल्व्हवर हात पडला तेव्हा त्याने सवयीने पाणीच मोजलं.

लेकीने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला होता, कधी ते त्याला कळलं नाही. ती मॅडमना म्हणाली, "मग पंपांमुळे काही होतं की नाही होत?"

"आता नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला होता. "कदाचित आणखी थोडं थांबलो असतो तर आकडा आपणहून वाढला असता. कदाचित नसता वाढला. ते कळायची ही एकच संधी होती, आणि ती यांनी नासवली. खालची गावं आता पुन्हा पंप बंद करू देणार नाहीत. मीही मागणार नाही."

"मी अर्धं आयुष्य घातलंय इथे," मिठोबा म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

"हो," लेक म्हणाली. "आणि आईचं सगळं." तिने डोळे पुसले. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता, नुसता थकवा होता. "मला एकच सांगा, बाबा. मीठ, मीटर, अहवाल, काही नको. तुम्हाला स्वतःला वाटत होतं का कधी, की हे पंप काही करतात?"

किती सोपा प्रश्न. याचं उत्तर तो रोज देत आला होता, न विचारता, फाटकावर, फोनवर, मयतात. हो म्हणायला त्याने श्वास घेतला आणि मग त्याच्या मनात आलं ते त्याला थांबवता आलं नाही.

"वाटत असतं," तो हळूच म्हणाला, "तर वाट बघितली असती."

लेकीने टेबलावरचा क्रेट उचलला आणि ती निघून गेली.